घसरणारा क्लच, टिकणारा ट्रक

रेडिओ नियंत्रित ट्रकची मोटर कितीही ताकदवान असो, ती ताकद चाकांपर्यंत सुखरूप नेण्याचे काम गिअरबॉक्स आणि त्याच्या बाजूला बसवलेला छोटासा स्लिपर क्लच करतो. या दोहोंची जुळणी कशी करावी आणि ती चुकली तर काय होते, याविषयी...

मातीच्या उंचवट्यावरून जेमतेम दोन फूट लांबीचा ट्रक झेपावतो. तो हवेत असतानाही रिमोटचा ट्रिगर शेवटपर्यंत दाबलेलाच असतो. ट्रक जमिनीवर आदळतो, ‘कर्र’ असा आवाज होतो आणि मग मोटर नुसतीच घोंघावत राहते. चाके मात्र जागची हलत नाहीत. बॅटरी उतरली असेल, मोटर जळाली असेल, अशी शंका पहिल्यांदा घेतली जाते. झाकण उघडल्यावर दिसते ते वेगळेच. मोठ्या दातेरी चाकाचे पाच-सहा दाते साफ सोलून निघालेले असतात. मोटर उत्तम, बॅटरीही उत्तम. चूक असते ती एका नटाची. ट्रक अधिक जोरात पळावा म्हणून कुणीतरी तो नट होता होईल तेवढा आवळलेला असतो.

हा नट स्लिपर क्लचचा. क्लच घसरला की वेग वाया जातो, म्हणून तो घसरताच कामा नये, असा समज नवख्यांमध्ये सर्रास आढळतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. योग्य वेळी आणि योग्य तेवढे घसरणे, हेच या क्लचचे काम आहे. ते त्याला करू दिले नाही, तर त्याच्या वाट्याचा धक्का गिअरबॉक्समधल्या दात्यांना सोसावा लागतो. सुटा भाग परदेशातून मागवावा लागत असेल, तर एका नटाच्या अतिउत्साहापायी ट्रक कित्येक दिवस कपाटावर बसून राहतो.

खेळणे आणि यंत्र

दुकानात मिळणारी रिमोटची गाडी आणि छंदासाठी घेतलेला रेडिओ नियंत्रित ट्रक यांत मूलभूत फरक आहे. खेळण्यातली गाडी बिघडली की बहुधा टाकून द्यावी लागते. छंदाच्या ट्रकचा मात्र प्रत्येक भाग सुटा मिळतो, उघडता येतो, बदलता येतो आणि जुळवताही येतो. जपानमधील शिझुओका येथील तामिया या कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ही आपली पहिली रेडिओ नियंत्रित मोटार बाजारात आणली. अमेरिकेतील टीम असोसिएटेडची आरसी १० ही मातीवर धावणारी गाडी १९८४ मध्ये आली आणि शर्यतीसाठीच घडवलेल्या यंत्राचा काटेकोरपणा या छंदात रुजला. मोठ्या चाकांच्या ट्रकची हौस तामियाच्या १९८७ मधील क्लॉड बस्टरसारख्या प्रतिकृतींनी वाढवली. टेक्सासमधील ट्रॅक्सासने २००८ मध्ये ‘स्लॅश’ हा ‘शॉर्ट कोर्स’ प्रकारातला ट्रक आणला. अमेरिकेत धूळमातीच्या बंदिस्त मार्गावर धावणाऱ्या खऱ्या ट्रकची ही दहाव्या हिश्शाच्या मापाची आवृत्ती. तिचा मागच्या चाकांवर चालणारा प्रकार जगभर परिचित असल्याने पुढील विवेचनात उदाहरणादाखल तोच घेतला आहे.

गेल्या काही वर्षांत या छंदात ताकदीची भर झपाट्याने पडली. पूर्वी कार्बन ब्रश असलेली ‘५४०’ मापाची साधी मोटर आणि ७.२ व्होल्टची निकेल कॅडमियम बॅटरी असा जोड असे. आता ब्रशविरहित मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरी सहज मिळते. ताकद कितीतरी पटींनी वाढली. पण गिअरबॉक्सची दातेरी चाके मात्र पूर्वीसारखीच बोटाच्या पेराएवढ्या जागेत मावणारी राहिली. म्हणूनच जुळणीचे महत्त्व कमी न होता वाढले आहे.

ताकदीचा प्रवास

मोटरच्या दांड्यावर एक लहानसे पोलादी दातेरी चाक बसवलेले असते. त्याला पिनियन म्हणतात. ते स्पर या मोठ्या चाकाला फिरवते. स्पर बहुधा नायलॉनसारख्या चिवट प्लास्टिकचा असतो. स्लिपर क्लच याच स्परभोवती असतो. स्परची गती क्लचमार्फत गिअरबॉक्सच्या वरच्या दांड्याला मिळते. त्या दांड्यावरील चाक मधल्या चाकाला आणि मधले चाक खालच्या डिफरन्शिअलला फिरवते. डिफरन्शिअलच्या दोन्ही बाजूंनी निघालेले दांडे मागच्या चाकांपर्यंत जातात.

मधल्या चाकाविषयी अनेकांचा गैरसमज असतो. त्याच्या दात्यांच्या संख्येने गुणोत्तरात काहीही फरक पडत नाही. ते केवळ दोन चाकांमधले अंतर भरून काढते आणि फिरण्याची दिशा बदलते. गुणोत्तर ठरते ते वरच्या आणि डिफरन्शिअलच्या चाकांवरून.

डिफरन्शिअलचे काम मोठ्या मोटारीतल्यासारखेच. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडलेली असती, तर ट्रक वळताना अडखळला असता. डिफरन्शिअल दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. मात्र एक चाक हवेत उचलले गेले, तर बरीचशी ताकद त्याच चाकाकडे पळते. यावर उपाय म्हणून बंदिस्त डिफरन्शिअलमध्ये दाट सिलिकॉन तेल भरतात. तेल जितके दाट, तितकी दोन्ही चाके एकमेकांना धरून चालतात; आणि तितकाच ट्रक वळायला जड होतो.

गणित गुणोत्तराचे

स्परचे दाते भागिले पिनियनचे दाते आणि त्याला गिअरबॉक्सच्या अंतर्गत गुणोत्तराने गुणले, की एकूण गुणोत्तर मिळते. उदाहरणातल्या ट्रकच्या गिअरबॉक्सचे अंतर्गत गुणोत्तर २.७२ आहे. स्पर ८६ दात्यांचा आणि पिनियन १९ दात्यांचे असेल, तर उत्तर येते १२.३१. म्हणजे मोटर बारा वेळा आणि आणखी थोडी फिरली, की चाक एकदा फिरते.

चाकाचा व्यास ११ सेंटिमीटर धरला, तर त्याचा परीघ साडेचौतीस सेंटिमीटरच्या आसपास भरतो. त्याला १२.३१ ने भागले की मोटरच्या एका फेरीत ट्रक सुमारे २८ मिलिमीटर पुढे जातो, असे दिसते. दर व्होल्टला ३५०० फेऱ्या घेणारी ब्रशविरहित मोटर ७.४ व्होल्टवर मिनिटाला जवळजवळ २६ हजार फेऱ्या मारते. हिशेब केला तर ताशी ४३ किलोमीटर होतात. हा वेग कागदावरचा. भार पडल्यावर फेऱ्या कमी होतात आणि प्रत्यक्षातला वेगही त्यानुसार घटतो.

पिनियन १९ ऐवजी २३ दात्यांचे बसवले, की गुणोत्तर १०.१७ वर येते आणि एका फेरीतले अंतर ३४ मिलिमीटर होते. वेग पाचव्या हिश्शाने वाढला म्हणून आनंद होतो खरा. पण तेवढ्याच प्रमाणात मोटरला अधिक जोर लावावा लागतो. ती जादा वीज ओढते आणि तापते. गवतावर किंवा भुसभुशीत मातीत ट्रक पळवायचा असेल, किंवा मोठ्या व्यासाची चाके बसवली असतील, तर पिनियन लहान घ्यावे. मोकळ्या, कडक आणि सपाट जागेवर ते थोडे मोठे चालते. एका वेळी एक किंवा दोनच दाते बदलून पाहावेत आणि पाच मिनिटांनी मोटरचे तापमान तपासावे. साधारण ८० अंश सेल्सियसच्या पुढे मोटर जाऊ लागली, तर पिनियन लहान करणे शहाणपणाचे.

पिनियन बदलताना दात्यांचे मापही जुळले पाहिजे. अमेरिकी पद्धतीत ३२, ४८ आणि ६४ ‘पिच’ अशी मापे असतात. म्हणजे चाकाच्या दर इंच व्यासामागे तितके दाते. आकडा मोठा, तितके दाते बारीक. मेट्रिक पद्धतीत ‘मॉड्यूल’ वापरतात. तिथे उलट, आकडा मोठा, तितके दाते मोठे. ४८ पिचचा दाता मॉड्यूलमध्ये ०.५३ होतो. त्यामुळे ०.६ मॉड्यूलचे पिनियन डोळ्यांना तसेच दिसले, तरी ४८ पिचच्या स्परवर चालत नाही. बसते, फिरतेही, आणि काही मिनिटांत स्परचे दाते खाऊन टाकते.

घसरण्यामागचे कारण

घरातल्या मिक्सरच्या भांड्याखाली रबराचा किंवा प्लास्टिकचा कपलर असतो. पात्यात हळकुंड अडकले, तर मोटर जळण्याआधी बहुधा हा कपलर तुटतो. तो स्वस्त असतो आणि मोटर महाग असते. विजेच्या फ्यूजमागे हाच विचार आहे. सगळ्या साखळीत एक कडी जाणूनबुजून दुबळी ठेवायची, म्हणजे उरलेल्या कड्या वाचतात. स्लिपर क्लच या दोघांच्याही एक पाऊल पुढे आहे. तो तुटत नाही, वितळत नाही. क्षणभर घसरतो आणि पुन्हा पकड घेतो.

त्याची रचना सोपी आहे. स्पर गिअरबॉक्सच्या दांड्याला थेट जखडलेला नसतो. तो दोन धातूच्या चकत्यांमध्ये दाबून धरलेला असतो. चकत्या दांड्याबरोबर फिरतात. स्पर आणि चकत्या यांच्यामध्ये घर्षण करणाऱ्या गुट्ट्या किंवा पातळ पट्ट्या असतात. बाहेरून एक स्प्रिंग आणि तिच्यावर नट असतो. नट आवळला की स्प्रिंग दबते, घर्षण वाढते आणि क्लच उशिरा घसरतो. नट सैल केला की तो लवकर घसरतो. आकार एवढासा, पण किती जोर पुढे जाऊ द्यायचा, याचा निर्णय इथे होतो.

या जोराची कल्पना उडीच्या वेळी येते. ट्रक हवेत असताना चाकांवर कसलाच भार नसतो. ट्रिगर दाबलेला असेल, तर ती ट्रकच्या वेगापेक्षा कितीतरी अधिक गतीने फिरू लागतात. जमीन लागताच त्यांना क्षणार्धात ट्रकच्या वेगावर यावे लागते. आणि चाकांबरोबर मोटरच्या आतला फिरता भागही तितक्याच झटक्यात मंदावला पाहिजे. फिरत्या भागाचे वजन थोडे असते हे खरे, पण चाकाकडून पाहता त्याची जडता गुणोत्तराच्या वर्गाइतकी वाढते. १२.३१ चा वर्ग सुमारे १५०. म्हणजे मोटरचा तो इवलासा भाग चाकाला दीडशे पट जड भासतो. हा सारा धक्का त्या क्षणी एकमेकांना भिडलेल्या एक-दोन दात्यांवर येतो. क्लच घसरला, तर धक्का घर्षणात विरतो. नाही घसरला, तर दाते जातात. किंवा चाकाकडे जाणारा दांडा पिळवटतो.

असाच धक्का आणखी एका प्रसंगी बसतो. विजेवरच्या ट्रकमध्ये ब्रेकही मोटरच लावते. पूर्ण वेगात पुढे जाणाऱ्या ट्रकला एकदम मागे खेचले, तर दात्यांवर उलट्या बाजूने घाव पडतो. क्लच नीट जुळलेला असला तरी ही सवय टाळलेलीच बरी.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. पुण्याजवळच्या चाकण येथे तयार होणाऱ्या केटीएमच्या काही मोटारसायकलींच्या जाहिरातींतूनही ‘स्लिपर क्लच’ हा शब्द मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला आहे. नाव एक असले, तरी काम निराळे आहे. मोटारसायकलीतला क्लच वेग असताना झटपट खालचा गिअर टाकला, की इंजिनाकडून मागच्या चाकाला बसणारा उलटा हिसका सौम्य करतो. ट्रकमधला क्लच पुढे जाणारी ताकद आणि उलटा धक्का अशा दोन्ही दिशांना घसरतो. एकाच्या अनुभवावरून दुसऱ्याची जुळणी करू नये.

आधी दाते, मग क्लच

क्लचला हात लावण्याआधी पिनियन आणि स्पर यांच्यातली फट तपासावी. फट चुकलेली असेल, तर क्लच कितीही अचूक जुळवला तरी दाते टिकत नाहीत. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची तार काढून ठेवावी. रिमोट चुकून दाबला गेला, तर दात्यांपाशी असलेले बोट वाचत नाही.

फट मोजण्याचे साधन घरातच असते. वहीच्या कागदाची अरुंद पट्टी. मोटरचे स्क्रू किंचित सैल करावेत. कागदाची पट्टी दोन्ही चाकांच्या दात्यांमध्ये सरकवून मोटर स्परकडे हलकेच दाबावी आणि स्क्रू आवळावेत. मग स्पर फिरवून कागद बाहेर काढावा. कागदावर दात्यांच्या घड्या स्पष्ट उमटलेल्या, पण कागद फाटलेला नाही, अशी स्थिती हवी. दुसरी नवी पट्टी घातली, तर तीही न अडकता आरपार गेली पाहिजे.

यानंतर स्पर बोटाने मागेपुढे हलवून पाहावा. दोन दात्यांमध्ये अगदी बारीक ‘टिक’ जाणवायला हवी. अजिबात हालचाल नसेल, तर दाते एकमेकांवर घासतात, तापतात आणि मोटरच्या बेअरिंगवर ताण येतो. हालचाल जास्त असेल, तर दाते फक्त टोकाशी भिडतात. टोकाशी बसलेला घाव दात्याला मुळातून मोडतो. प्लास्टिकचा स्पर क्वचितच तंतोतंत गोल असतो. म्हणून तो थोडाथोडा फिरवत तीन-चार ठिकाणी तपासावे आणि जिथे तो सर्वांत घट्ट लागतो, त्या जागी फट जुळवावी.

मोटरचे स्क्रू धातूच्या पट्टीत बसत असतील, तर त्यांच्या आट्यांना निळ्या रंगाच्या, पुन्हा सोडवता येणाऱ्या थ्रेडलॉकचा थेंब लावावा. प्लास्टिकमध्ये बसणाऱ्या स्क्रूला तो लावू नये. काही प्लास्टिक त्याने ठिसूळ होते.

नट किती आवळावा?

आता क्लचकडे वळावे. जुना ट्रक असेल, तर नट, स्प्रिंग आणि बाहेरची चकती काढून घर्षणाच्या गुट्ट्या पाहाव्यात. त्या काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील, तर बारीक पॉलिश पेपरवर हलके घासून घ्याव्यात. ग्रीस किंवा तेल लागले असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करावे. गिअरबॉक्सच्या आतल्या धातूच्या चाकांना ग्रीस लागते. क्लचला मात्र त्याचा स्पर्शही नको. हा फरक लक्षात न घेतल्याने उत्साहाने ‘सर्व्हिसिंग’ केलेल्या ट्रकचा क्लच पहिल्याच धावेत निकामी झाल्याचे दिसते.

सगळे भाग पुन्हा बसवल्यावर नट घड्याळाच्या दिशेने फिरवावा. स्प्रिंगचे वेटोळे पूर्ण दबून एकमेकांना टेकले की थांबावे. त्यापुढे पाना जोराने फिरवू नये. ही झाली मोजणीची सुरुवात. इथून नट उलट दिशेने अर्धी ते एक फेरी सैल करावा. उदाहरणातल्या ट्रकसाठी हीच प्रारंभीची जुळणी सांगितली जाते. स्प्रिंग पूर्ण दबलेल्या स्थितीत ट्रक चालवू नये. दुसऱ्या टोकाला, दोन फेऱ्यांपेक्षा अधिक सैलही ठेवू नये. दुसऱ्या बनावटीचा ट्रक असेल, तर त्याच्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण मानावा. स्प्रिंगची ताकद आणि चकत्यांचा आकार बदलला की फेऱ्यांचा हिशेबही बदलतो.

बॅटरी न जोडताच पहिली चाचणी घेता येते. मागची दोन्ही चाके एका हाताने घट्ट धरावीत आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने स्पर फिरवण्याचा प्रयत्न करावा. तो सहज फिरला, तर क्लच फारच सैल आहे. बराच जोर लावल्यावर नाइलाजाने सरकला, तर सुरुवात योग्य झाली असे समजावे. चाके हातात धरून मोटर चालू करण्याची पद्धतही काही जण वापरतात. पण ब्रशविरहित मोटर असलेल्या ट्रकवर तो धोका पत्करू नये.

मैदानावरची परीक्षा

खरा निर्णय मैदानावरच होतो. ज्या जमिनीवर ट्रक चालवायचा, तिथेच तो उभा करावा आणि एकदम पूर्ण ट्रिगर दाबावा. सुटताना पहिल्या एक-दोन फुटांत क्लच घसरल्याचा बारीक, चिरका आवाज यावा आणि लगेच थांबावा. हा आवाज आलाच नाही आणि पुढची चाके झटक्यात वर उचलली गेली, तर क्लच घट्ट आहे. आवाज पाच-सहा फुटांपर्यंत लांबला आणि ट्रक सुस्तपणे निघाला, तर तो सैल आहे. दोन्ही प्रसंगी नट एकदम अर्धी फेरी फिरवू नये. एका वेळी आठवा हिस्सा, म्हणजे घड्याळाच्या काट्याने साडेसात मिनिटे सरकावे तेवढेच, पुरे.

जमिनीनुसार जुळणी बदलते. गुळगुळीत मुरमावर किंवा वाळूवर चाके जागच्या जागी गरगरतात. तिथे क्लच किंचित सैल ठेवला, तर ताकद हळुवारपणे उतरते आणि चाकांना पकड मिळते. ओलसर, घट्ट दाबलेल्या मातीवर पकड मुळातच चांगली असते. तिथे क्लच थोडा घट्ट चालतो. सैल ठेवला तर तोच सारखा घसरून तापतो. मात्र त्या मार्गावर मोठ्या उड्या असतील, तर घट्ट करण्याचा मोह आवरता घ्यावा. पावसाळ्यात चिखलात ट्रक फिरवून आणल्यावर क्लच उघडून कोरडा करावा. ओल्या गुट्ट्यांवर केलेली जुळणी ऊन पडल्यावर खोटी ठरते.

डिफरन्शिअलचा मान पहिला

शर्यतीच्या अनेक ट्रकमध्ये दातेरी डिफरन्शिअलऐवजी बॉल डिफरन्शिअल असतो. त्यात दोन गुळगुळीत कड्यांमध्ये बारीक गोळ्या दाबून बसवलेल्या असतात. तोही घर्षणावरच चालतो, आणि म्हणूनच तोही घसरू शकतो. पण तो कधीही घसरता कामा नये. कड्यांवर एकदा चर पडले की तो कायमचा खरखरीत होतो आणि दुरुस्तीचा खर्चही क्लचपेक्षा अधिक येतो.

म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी डिफरन्शिअल पुरेसा घट्ट करावा, मग क्लच त्याच्यापेक्षा सैल ठेवावा. तपासणी सोपी आहे. स्पर आणि मागचे एक चाक घट्ट धरून दुसरे चाक हाताने फिरवावे. ते फिरवणे अतिशय कठीण गेले पाहिजे. सहज फिरत असेल, तर डिफरन्शिअल ढिला आहे आणि क्लचच्या आधी तोच घसरणार, हे उघड आहे. दातेरी डिफरन्शिअलमध्ये ही भीती नसते.

आवाज, वास आणि उष्णता

बिघाडाची पूर्वसूचना ट्रक स्वतःच देत असतो. खडखडाट ऐकू आला, तर पिनियन आणि स्पर यांच्यातली फट वाढलेली असते. चढा, सलग किंकाळीसारखा आवाज आला, तर ती फट फारच कमी असते. वेग घेताना दर वेळी ‘कट्‌ कट्‌’ होत असेल, तर एखादा दाता मोडला आहे किंवा बॉल डिफरन्शिअल घसरतो आहे. अशा वेळी ट्रक लगेच थांबवावा. मोडक्या दात्याचा तुकडा शेजारचे दातेही घेऊन जातो.

प्लास्टिक जळाल्याचा वास हा सैल क्लचचा पुरावा. सतत घसरल्याने चकत्या तापतात आणि त्या उष्णतेने स्परचा मधला भाग मऊ पडतो. मग स्पर डगमगत फिरू लागतो आणि दाते पुन्हा धोक्यात येतात. म्हणजे नट अति घट्ट असो वा अति सैल, अखेरीस बळी जातो तो स्परचाच. फरक इतकाच, की घट्ट क्लच त्याला एका घावात मारतो आणि सैल क्लच हळूहळू.

क्लचच्या नटात आतून नायलॉनचे कडे असते. त्यामुळे कंपनांनी तो आपोआप सुटत नाही. मात्र वारंवार फिरवल्याने हे कडे झिजते. नट बोटांनी सहज फिरू लागला, की जुळणी टिकण्याची आशा सोडून नवा नट बसवावा. सगळ्या ट्रकमधल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी तो एक आहे.

थोडक्यात

* बॅटरी काढल्याशिवाय पिनियन, स्पर किंवा क्लच यांना हात लावू नये.
* क्रम असा ठेवावा: दात्यांमधली फट, डिफरन्शिअल आणि शेवटी क्लच.
* स्प्रिंग पूर्ण दाबून अर्धी ते एक फेरी सैल, ही सुरुवात. पुढचे बदल आठव्या हिश्शाने.
* पिनियन, बॅटरी किंवा चाके बदलली, की क्लच पुन्हा तपासावा.
* नवा स्पर बसवल्यावर पहिली पाच मिनिटे ट्रक संथ चालवावा आणि मग फट पुन्हा पाहावी.
* उडी घेतल्यावर हवेत असतानाच ट्रिगर सोडावा.

यांतली शेवटची सूचना यंत्राला नव्हे, चालवणाऱ्याला आहे. क्लच कितीही चांगला जुळवलेला असला, तरी हवेत फिरत्या चाकांना जमिनीवर आपटण्याची सवय त्याला फार काळ सोसवत नाही. सरावलेले चालक उडीच्या माथ्यावर बोट सैल करतात आणि चाके टेकल्यावरच पुन्हा जोर देतात. असा ट्रक हंगामभर एकाच स्परवर चालू शकतो. शेजारच्या खोक्यातला सुटा स्पर तेव्हा तसाच कोरा राहतो.